बाइंडर घातला म्हणून बुरशीची पेंड चालत नाही

सांगोल्यापासून करमाळ्यापर्यंत दूधवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: बुरशी लागलेली पेंड, मका फेकू नका, खुराकात मूठभर टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष धरून ठेवणारी पावडर) मिसळा, दूध शंभर टक्के विषमुक्त निघेल. उरलंसुरलं विष उकळल्यावर जातं, आणि रवंथ करणाऱ्या जनावराला बुरशी तशीही बाधत नाही. पेंडीचे भाव बघता हे ऐकायला गोड वाटणारच.

यात निम्मं खरं आहे, तेवढं आधी मान्य करू. बाइंडरमधली बेंटोनाइटसारखी चिकणमाती जनावराच्या पोटात अफ्लाटॉक्सिन बी-१ या बुरशीच्या विषाला धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर काढते. युरोपीय संघानं २०१३ साली याच कामासाठी तिला परवानगी दिली. सगळी गफलत ‘शंभर टक्के’ या शब्दांत आहे.

हिशेब मांडून बघा. गाय दिवसाला ४ किलो खुराक खाते आणि १० लिटर दूध देते असं धरू. खुराकात किलोमागे १०० मायक्रोग्रॅम बी-१ असेल, तर पोटात गेलं ४००. त्यातलं साधारण १ ते २ टक्के यकृतात रूप बदलून एम-१ म्हणून दुधात उतरतं. जास्त दुधाच्या गाईत ते ६ टक्क्यांपर्यंतही जातं. २ टक्के धरले तर ८ मायक्रोग्रॅम, म्हणजे लिटरमागे ०.८. आपल्याकडची मर्यादा ०.५ आहे. बाइंडरनं निम्मं अडवलं तर ०.४ वर येईल, निभावलं. पण पेंड खरोखर बुरसटलेली असेल आणि आकडा ३०० असेल, तर दुधात २.४ उतरतं आणि निम्मं अडवूनही १.२ उरतं. अभ्यासांमध्ये ही घट कधी पाव, कधी निम्मी, कधी थोडी जास्त दिसते. म्हणजे ज्या पेंडीसाठी मेसेज बाइंडर सुचवतो, तिथंच तो तोकडा पडतो. उलट पशुखाद्याच्या भारतीय मानकातली बी-१ ची किलोमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा पाळली, तर याच हिशेबानं काहीही न घालता दूध ०.१६ वर राहतं.

बाइंडर खुराकात नीट मिसळूनच द्यावा लागतो. सकाळी पेंड आणि दुपारी पाण्यातून पावडर, असं केलं तर विषाची आणि मातीची गाठच पडत नाही. शिवाय ही माती अफ्लाटॉक्सिनला धरते, बुरशीच्या सगळ्या विषांना नाही. मक्यातलं झिअरालेनोन तिच्या हाती फारसं लागत नाही.

उकळण्याबद्दल थोडक्यात: एम-१ उष्णतेला दाद देत नाही. पाश्चरायझेशननं जात नाही, चुलीवरच्या उकळीनंही नाही.

रवंथाचा मुद्दा मात्र हवेतून आलेला नाही. ऑक्रॅटॉक्सिनसारखी काही विषं कोठीपोटातले सूक्ष्मजीव बऱ्यापैकी मोडतात. तोच नियम अफ्लाटॉक्सिनला लावला की घोटाळा होतो. ते फारसं मोडत नाही. जनावर धडधाकट दिसत असतानाही दूध मर्यादेबाहेर असू शकतं, आणि संकलन केंद्रावरच्या फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि इतर घनपदार्थ) मोजणाऱ्या मशीनला यातलं काहीच कळत नाही.

‘उन्हात वाळवा, बुरशी झटका, मग घाला’ अशीही एक पुरवणी त्या मेसेजला जोडली जाते. बुरशी झडेल, पण तिनं सोडलेलं विष दाण्यात तसंच राहतं. वाळवायचं ते बुरशी धरण्याआधी: परतीच्या पावसात काढलेला मका १३-१४ टक्के ओलाव्यापर्यंत उतरवूनच पोत्यात भरायचा आणि पोती भिंतीला न टेकवता फळ्यांवर ठेवायची. सरकी आणि शेंगदाणा पेंड पावसाळ्यात महिन्याची एकदम भरू नये. मुरघासाचा खड्डा उघडला की रोज सगळ्या तोंडावरून सारखा थर काढायचा, काळा-हिरवा भाग गव्हाणीत जाऊ द्यायचा नाही.

खराब पेंड आधीच खाऊ घातली असेल तर ती आजच बंद करा. तीन-चार दिवसांत दुधातला एम-१ बराच उतरतो. बाइंडर घ्यायचाच असेल तर पोत्यावर घटक आणि प्रमाण छापलेलं बघून घ्या. नुसतं ‘विषमुक्ती पावडर’ लिहिलेलं पोतं दुकानातच राहू द्या.