०.६४ टक्के टिकवायचे कसे, सोपे उपाय

हे बघा, जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के (हा २०२०-२१ चा सरकारी आकडा) रिसर्चवर घालून आपलं मस्त चाललंय, तेव्हा कोरियावाले ५ टक्क्यांच्या आसपास उडवतात हे मनावर अजिबात घेऊ नका. साठच्या दशकात ते आपल्याच पंगतीतले गरीब, १९६६ ला त्यांनी किस्ट नावाची संशोधन संस्था काढली, आणि आज बसलेत बिचारे जगाला मेमरी चिपा विकत. आपली पुण्याची एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९५० ची. म्हणजे पहिले आपणच, विषय संपला!

तुमचा कारखाना असेल तर एकच पथ्य पाळा: टेक्नॉलॉजी बाहेरून आणायची, रॉयल्टी भरायची, उरलेल्या नफ्यात हायवेला लागून प्लॉट घ्यायचा. कोरियात रिसर्चच्या खर्चातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा कंपन्याच उचलतात, आपल्याकडे खाजगी क्षेत्राचा वाटा साधारण ३६ टक्के, तोही आणखी खाली आणता येईल, मनावर घेतलं तर.

सरकारात असाल तर घोषणा दणक्यात करा. २०२३ मध्ये संशोधनाला पैसा देणाऱ्या अनुसंधान प्रतिष्ठानचा कायदा आला, पाच वर्षांत ५०,००० कोटी, त्यातले ३६,००० कोटी म्हणे सरकारबाहेरून येणार, म्हणजे शेजाऱ्याच्या डाळीवर आपण पुरणाचा घाट घातला. आणि नवीन शोधातून ग्रोथ यायला पंधरा-वीस वर्षं जातात हो, निवडणूक पाचव्या वर्षी असते, मग कोयीचा आंबा लावायचाच कशाला, पेटी विकत घ्या ना.

प्रयोगशाळेत असाल तर फार काही करावंच लागत नाही. उपकरणांवरचा जीएसटी २०२२ च्या जुलैत ५ चा १८ टक्के झालाच होता, बाकीचं काम एल-वन (सगळ्यात कमी बोलीवाल्याकडूनच घ्यायचं, हा सरकारी खरेदीचा नियम) करतो, सगळ्यात स्वस्त कोटेशनवाला पंप घ्यायचा, तो आठवड्यात गळायला लागतो, की झाली पीएचडी सहा महिने पुढे. फेलोशिप लटकली तर पोरांना सांगा, विज्ञान ही साधना आहे (मला असंच सांगितलं होतं, रूमचं भाडं मात्र मालकाला रोखच हवं होतं).

आमच्या लॅबमध्ये एक मोठं मशीन होतं. एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) संपलेली, पार्ट परदेशातून यायचा, फाईल अकाउंट्सला. वर्षभर अंगावर प्लास्टिक. खंडेनवमीला मात्र ते काढायचं, पुसायचं, हळदकुंकू, झेंडूचा हार, पेढे, सगळ्यांचा फोटो. एकदा नवीन आलेल्या पोरीने विचारलं, सर हे चालू कसं करायचं? सर म्हणाले, आधी नारळ फोडून घे.