समजलं का? हाव सर!

ऑनलाइन शिकवणाऱ्या मास्तरले सगळ्यात जास्त कोणी फसवलं असंल तर ते "हाव सर" नं. आवाज येते का? हाव सर. स्क्रीन दिसते का? हाव सर. समजलं का? हाव सर. मी एक दिवस मुद्दामच म्हटलं, जे क्लासमध्ये नाहीत त्यांनी हात वर करा, तरी चारपाच हाव सर आलेच.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. दिवाळीच्या सुट्टीत दहावीचे जादा तास मी रात्री मोबाइलवर घेतो, कारण दिवसा अर्धे पोट्टे कापूस वेचायले असतात अन् उरलेले अर्धे वेचणीचं सांगून क्रिकेट खेळतात. झूमची फुकटची मीटिंग 40 मिनिटांची, त्यातली बरीच "सर तुम्ही म्यूट आहे" अन् "अबे तुह्या घरची बकरी म्यूट कर" यातच जातात. एक जण रेंजसाठी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसून शिकते, त्याच्या माइकमधून नुसता वारा येते, पण हजेरी मात्र एक दिवस चुकली नाही बापा.

तं "समजलं का" मी विचारणंच बंद केलं. वर्गात कसं, पोराचं तोंड पाहिलं की कळते गाडी कुठं अडकली. इथं तोंडाच्या जागी डीपी, म्हणजे महाराज नाहीतर मामाची बुलेट. म्हणून आता वर्गसमीकरण आलं की मी विचारतो, दोन संख्यांची बेरीज 5, गुणाकार 6, संख्या सांगा, चॅटमध्ये लिहून ठेवा पण मी म्हणेपर्यंत पाठवू नका. हे न पाठवायचं महत्त्वाचं आहे, नाहीतर पहिल्यानं जे टाकलं तेच खाली वीस वेळा येते, पहिल्यानं "दोण" लिहिलं तर वीसच्या वीस दोण.

अन् विचारल्यावर गप बसायचं. हे सगळ्यात कठीण. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपलं की दुसरा साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात सुरू होते, तेवढीच सवय आपल्या कानाले. मोबाइलवर आवाज जायले वेळ, पोराले म्यूट काढायले वेळ, वरून मागं आई ओरडते ते थांबायले वेळ, अन् तोवर मास्तरले वाटते सगळे झोपले, मंग तोच प्रश्न विचारते, तोच उत्तर देते, तोच शाब्बास म्हणते. मी मनात दहा आकडे मोजतो. सातव्या-आठव्या आकड्याले कोणीतरी खोकलते, म्हणजे उत्तर येऊन राह्यलं.

ग्रुपवरच्या मेसेजची तं वेगळीच कथा. आमच्या एका सहकाऱ्यानं लिहिलं, "उद्या 7 वाजता क्लास." सकाळी 7 का संध्याकाळी, ते त्यांच्या पोटात. विचारायले पंचवीस मेसेज, ओके सर चाळीस, हात जोडलेले वेगळेच, अन् मूळ मेसेज पार वर निघून गेला. तेव्हापासून ग्रुपमध्ये मेसेज फक्त अ‍ॅडमिन टाकते अन् त्यात वार, तारीख, सकाळ-संध्याकाळ, वहीत काय आणायचं, सगळं एकाच मेसेजमध्ये.

पण खरी गंमत लाइटची. शेतातल्या मोटरची लाइन रात्रपाळीची आली की बाप हरभऱ्याले पाणी द्यायले निघते, अन् घरात मोबाइल एकच, तो टॉर्च म्हणून बापासंगं वावरात. माह्या स्क्रीनवर अंधार, चिखल अन् गमबूट, अन् मी सूत्र सांगून राह्यलो. त्या पोरांसाठी मी नंतर व्हॉइस मेसेज टाकतो, एका मेसेजमध्ये एकच गणित, मिनिटभराच्या आत. सात मिनिटांचा टाकला तर दोन निळ्या टिका येतात, बस्स, ऐकत कोणी नाही.

एका घरी मात्र ते मेसेज स्पीकरवर लागतात. तिथल्या पोट्टीले मी नाव घेऊन विचारलं, बेरीज 7, गुणाकार 12? दहा मोजत होतो, सहाव्या आकड्यालेच मागून तिच्या आज्याचा आवाज, "तीन अन् चार सांग न वं, कालच तं मास्तरनं शिकवलं!" मी म्हटलं, आबाजी, तिले सांगू द्या. तं म्हणे, "हाव सर," अन् पुढच्या गणिताचंही उत्तर तेच देऊन मोकळे.