दोष इंटरनेटच्या वेगाचा नव्हे
‘मीडिया प्लेअरवर चित्रपट अडखळत असेल तर वेगवान इंटरनेट प्लॅन घ्या’ हा लेखातील सल्ला पटला नाही, कारण घरच्याच संगणकावरची फाइल मीडिया प्लेअरमधून (टीव्हीला जोडायच्या छोट्या उपकरणातून) टीव्हीवर पाहताना ती बाहेरच्या इंटरनेटवरून येतच नाही. सोलापुरात बाळीवेशीतल्या आमच्या जुन्या घराच्या जाड दगडी भिंतींपलीकडे वायफाय क्षीण होते, म्हणून राउटरपासून प्लेअरपर्यंत केबल ओढली आणि त्याच प्लॅनवर १०८०पी (फुल एचडी) चित्रपट सुरळीत चालू लागले. मात्र अनेक प्लेअरचे लॅन पोर्ट (केबल जोडायची जागा) १०० एमबीपीएसचेच, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचेच असते आणि ४के ब्लू-रेचा (अतिस्पष्ट चित्राच्या डिस्कवरील चित्रपटाचा) डेटा-प्रवाह त्याहून वर जाऊ शकतो, हे खरेदीपूर्वीच तपासावे.

चित्र दिसते पण आवाज येत नाही, ही तक्रार तर बहुधा प्लेअरला डीटीएस (चित्रपटांतील ध्वनीचा एक डिजिटल प्रकार) ध्वनी उलगडता येत नसल्याची असते. त्याचा उल्लेख लेखात यायलाच हवा होता.