उभ्या बुलेटची टकटक: ‘कनेक्टिंग गेला’ म्हणण्याआधी

जुन्या बुलेटवाल्यांमध्ये एक सल्ला सध्या फार फिरतो आहे. तो असा: ‘दहा-बारा वर्षं उभी असलेली बुलेट सुरू केल्यावर इंजिनातून टकटक आली, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंच समजा. आधी पंधरा मिनिटं चांगली रेस देऊन बघा, गंज सुटतो. आवाज राहिला तर टॅपेट टाइट करा आणि जाड तेल टाका. तरीही राहिला तर इंजिन उतरवा.’ (कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणारा दांडा. टॅपेट म्हणजे कॅमवर बसून व्हॉल्व्ह उघडायला लावणारा भाग.)

हे वाचून ज्याने पंधरा मिनिटं रेस दिली असेल, त्याच्या इंजिनाची मला खरोखर काळजी वाटते. म्हणून यातला एकेक मुद्दा घेतो. बोलणं फक्त जुन्या लोखंडी ब्लॉकच्या ३५० बुलेटबद्दल: ३४६ सीसी, ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, पॉइंटवर (ठिणगी पाडणाऱ्या यांत्रिक स्विचवर) चालणारी.

सगळ्यात घातक सल्ला रेसचा आहे, म्हणून सुरुवात तिथून. या इंजिनाचं तेल क्रँककेसच्याच ओतीव भागात मागे असलेल्या वेगळ्या कप्प्यात राहतं, त्याला आपण तेलटाकी म्हणतो. एक पंप तिथून तेल उचलून बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या खालच्या टोकाला, देतो, दुसरा खाली पडलेलं तेल परत वर ओढतो. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपत क्रँकच्या चाकांखाली साठतं. मालक डिपस्टिक बघतो, ती कोरडी. तो वरून आणखी तेल ओततो. आता खाली चाकं तेलात बुडालेली, पण बिग एंडच्या बुशवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा थर उरलेला नाही. अशा इंजिनाला रेस दिली की सायलेन्सरमधून निळा धूर निघतो, आणि जे बेअरिंग कालपर्यंत ठीक होतं ते त्या पंधरा मिनिटांत खरंच जाऊ शकतं. गंज ‘सुटतो’ म्हणतात तो कुठे जातो? तेलात. आणि तेल कुठे जातं? बेअरिंगमध्ये.

आधी तळाचे ड्रेन बोल्ट उघडा, टाकीचा आणि क्रँककेसचा दोन्ही. तेल पूर्ण काढा. काढलेलं तेल पांढऱ्या फडक्यावर पसरून उन्हात बघा: चमकणारे बारीक कण आहेत का, की नुसती काळी साय? फेल्टचा फिल्टर बदला आणि टाकीत ताजं तेल भरा. प्लग काढून भोकातून चमचाभर तेल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी प्लग बाहेरच ठेवून किक सावकाश तीस-चाळीस वेळा फिरवा. मग सुरू करा, तीही आयडलवर, म्हणजे रेस न देता.

सुरू झाल्यावर रॉकरकडे, म्हणजे वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांकडे, जाणाऱ्या नळीचा वरचा बँजो बोल्ट (आतून पोकळ, तेल जाऊ देणारा) जरा सैल केला की तेल झिरपायला हवं. इथे बरेच जाणकारही फसतात. या इंजिनात रॉकरला तेल मिळतं ते परतीच्या पंपाकडून. म्हणजे वर तेल आलं याचा अर्थ खाली साठलेलं तेल उचललं जातं आहे, एवढाच. बिग एंडला तेल पोचतंय याची ती खात्री नव्हे. बिग एंडचं तेल टायमिंग कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या उजव्या झाकणातून, क्रँकच्या टोकात शिरतं आणि तिथे एक लहानसा सील असतो, जुन्या गाड्यांत कॉर्कचा. बारा वर्षांत कॉर्क वाळून आकसतो आणि तेल बाजूने निसटतं. इतका स्वस्त भाग, पण बऱ्याच बुलेटींचे कनेक्टिंग त्याच्याच पायी जातात. टायमिंग कव्हर कधी उघडलंच तर तो बदलूनच बंद करा.

आता टकटकीकडे. आवाज आला म्हणजे रॉड गेला, हे का चूक आहे ते आमच्याच गाडीवरून सांगतो. काकांची १९७४ची बुलेट गोठ्याशेजारच्या खोलीत अकरा वर्षं उभी होती. वर सांगितलेलं सगळं करून सुरू केली तर आयडलवर जाड, घट्ट ठोके. गावातल्या मिस्त्रीने दोन मिनिटं ऐकलं आणि कनेक्टिंगचा किट आणायला सांगितलं. मी जवळजवळ तयार झालो होतो. पण थोडा थ्रॉटल दिला की आवाज कमी व्हायचा, आणि ते मला खटकलं. बिग एंड गेलेला असेल तर ओझं पडल्यावर ठोका वाढतो.

लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला लावून टोक एकेका जागी टेकवलं. रॉकर बॉक्सवर बारीक टिकटिक. उजवीकडे टायमिंग कव्हरवर काही विशेष नाही. डावीकडे प्रायमरी कव्हरवर (क्रँककडून क्लचकडे जाणाऱ्या चेनवरचं झाकण) टोक ठेवलं तेव्हा दात हलावेत इतका ठोका. ते कव्हर मधल्या एका नटावर बसतं. आधी फुटरेस्ट काढा, ब्रेकची पट्टी खाली करा, खाली परात ठेवा, आणि नट सोडला की कव्हर हातात येतं. चेन ठीक होती. पण क्रँकच्या टोकावरचा अल्टरनेटरचा रोटर (वीज तयार करणाऱ्या यंत्राचा फिरता भाग) मी दोन बोटांनी धरून पुढे-मागे हलवला आणि तो हलला. नट सैल, तो सुटू नये म्हणून वाकवायचा लॉक वायसरचा कान वाकवलेलाच नाही, चावी (रोटर क्रँकवर जागच्या जागी धरणारा लहान लोखंडी तुकडा) एका बाजूने झिजलेली. काकांना विचारलं, ठेवायच्या आधी गाडीला काय केलं होतं? ते म्हणाले, ‘अरे, क्लचप्लेटा बदलल्या होत्या ना, महिनाभर आधी.’ क्लच चेनसकट बाहेर काढायचा तर रोटर काढावाच लागतो. कुणीतरी तो परत बसवताना घाई केली होती. नवी चावी, नवा वायसर, नट नीट कसला, आणि आवाज गेला. इंजिनाला पान्हा लावायची वेळच आली नाही.

तेव्हापासून कुठल्याही उभ्या गाडीच्या मालकाला मी हेच पहिलं विचारतो: ठेवण्याआधी शेवटचं काम कुठलं झालं होतं?

टॅपेटचा आवाज ओळखायला मोजणी उपयोगी पडते. कॅम (टॅपेट उचलणारा फिरता भाग) क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून सायलेन्सरच्या प्रत्येक ‘डग’मागे सैल टॅपेट एकदाच वाजतो आणि सैल रोटरसारखी क्रँकवरची वस्तू दोनदा वाजू शकते. ही खूण एकटी पुरेशी नाही, कारण बिग एंडही पेट घेणाऱ्या फेऱ्यातच मोठा ठोका देतो. पण टॅपेटची टिक हलकी आणि वरून येणारी, बिग एंडचा ठोका खोल आणि खालचा. थंड असताना पोकळ खडखड आणि गरम झाल्यावर कमी, तर पिस्टनचा खेळ, म्हणजे सिलिंडरमधला ढिलेपणा. चढावर, ओझ्याखाली किणकिण असेल तर शिळं पेट्रोल आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बघा. पॉइंटखालची ॲडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी, वजनं वर्षानुवर्षं न हलल्याने चिकटून बसतात. ती पुढच्या बाजूला अडकली तर कमी वेगातही टायमिंग पुढेच राहतं आणि इंजिन किणकिणतं. दोन थेंब तेल आणि हलका हात, एवढ्यात काम होतं.

‘टॅपेट टाइट करा’ यातला ‘टाइट’ हा शब्दच चुकीचा. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कंप्रेशनवर अगदी वर, आणि पुशरॉड (टॅपेटवरून रॉकरपर्यंत जाणारी सळई) बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. आवाज दाबण्यासाठी त्याहून एक फेरा जास्त कसला तर टिकटिक जाते खरी, पण व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, कंप्रेशन उतरतं आणि गरम गाडी किकला दाद देत नाही.

जाड तेलाबद्दल फार बोलायची गरज नाही. नेहमीचं २०डब्ल्यू५० तेल सोडून कुणी त्याहून जाड तेल घातलं तर आवाज दबतो, झीज तशीच राहते. वर थंडीत सकाळी तेल वर चढायला आणखी वेळ लागतो, म्हणजे सगळ्यात नाजूक क्षणी इंजिन कोरडं.

आणि कधी कधी रॉड खरंच गेलेला असतो, हे मी नाकारत नाही. तेलात चमकणारे कण, खालून येणारा खोल ठोका, थ्रॉटल उघडताच तो वाढणं, हे तिन्ही एकत्र दिसलं तर इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी ढकलत न्या. मिस्त्रीने हेड-ब्लॉक काढल्यावर रॉड हातात धरून दाखवला, तर तो वर-खाली हलतो का तेच बघा. बाजूला थोडा हलतोच, ती त्याची जागा आहे. तो बाजूचा खेळ दाखवून किट गळ्यात मारला जातो. वर-खाली काहीच जाणवत नसेल, तर ब्लॉक परत चढवायला सांगा आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुन्हा डाव्या कव्हरपासून ऐकायला लागा.