विसण

काल सकाळी पुण्याहून आलेल्या एका निवृत्त काकांनी माझ्या व्हॅनमधल्या पाण्याने आंघोळ केली, पाणी बरोबर नव्हतं अशी तक्रार केली, आणि वर मुलाला सांगून माझ्या 18 पौंडांतले 3 कापायला लावले. पाणी माझं, डिझेल माझं, बादली तेवढी त्यांची.

मी इंग्लंडात रेडिंगला घरांच्या काचा धुतो. इथलं पाणी खडूच्या खडकातून येतं, म्हणजे क्षारांनी चांगलंच जड. नळाखाली टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, धरला की आकडा 300 च्या पुढे. असं पाणी काचेवर वाळलं की पांढरे ठिपके उठतात. म्हणून ते आधी आरओमधून, मग उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या नळकांड्यातून काढायचं, मीटरवर 000 आलं की व्हॅनच्या टाकीत भरायचं आणि लांब कार्बनच्या काठीला लावलेल्या ब्रशातून काचेवर सोडायचं. घासा, वरून खाली खंगाळा, निघा. पुसायचं नाही. पाण्यात काही नसतंच, तर डाग कसला पडणार? हे वाक्य मी गिऱ्हाइकांना दिवसातून दहा वेळा सांगतो आणि दहाही वेळा 'ओल्या सोडल्यात की!' हेच ऐकतो.

आरओ मशीन एक लिटर शुद्ध पाणी देताना जवळपास तेवढंच गटारात सोडतं. मी लातूरचा. 2016 च्या उन्हाळ्यात आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. टाकी भरताना मी त्या गटाराच्या नळीकडे पाठ करून उभा राहतो. असो.

तर गरम पाणी. या धंद्यात यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, थंड पाण्यानेही काच तेवढीच स्वच्छ निघते, गरम म्हणजे पैसे जाळणं. दुसऱ्याने हीटरचे हप्ते भरलेले असतात. मी दुसऱ्यातला, पण खरं सांगायचं तर पहिल्याचं बरंचसं बरोबर आहे. विकणारे 'पृष्ठताण कमी होतो' म्हणून सांगतात. होतो, पण 20 वरून 50 अंशांवर नेलं तरी सात टक्केही कमी होत नाही. गरम पाण्याचा खरा उपयोग चिकट घाणीवर. स्वयंपाकघराच्या धुराड्याखालचा तेलकट थर, कोळ्यांची घाण, आणि कबुतरं. कबुतराच्या विष्ठेतला पांढरा भाग युरिक आम्लाचा. थंड पाण्यात ते विरघळतच नाही म्हणावं इतकं कमी विरघळतं, गरम पाण्याने लवकर सैल होतं. शिवाय जानेवारीत नळी हातात धरवते. हे शेवटचं कारण कुठल्याच जाहिरातीत नसतं, पण हप्ते त्याच्याच जिवावर भरले जातात.

माझा हीटर 5 किलोवॅटचा, डिझेलवर चालणारा, होड्यांत आणि ट्रकांत असतो तसला. तो आधी कूलंट तापवतो आणि प्लेटांमधून ती ऊब पाण्याला देतो. मिनिटाला 2 लिटर पाणी 35 अंशांनी तापवायला जवळपास तेवढीच ताकद लागते. उगाच सगळी टाकी तापवायची नाही. 400 लिटर पाणी 10 वरून 50 वर न्यायला साडेअठरा युनिटं जातात, म्हणजे 3 किलोवॅटची कॉइल सहा तासांवर चालवायची. आणि रात्रभर कोमट राहिलेल्या टाकीत, ज्यात क्लोरीनही उरलेलं नाही, लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू सुखाने नांदतो. 20 ते 45 अंश ही त्याची आवडती हवा. हीटर नेहमी रेझिनच्या नंतर बसवायचा. गरम पाण्याने रेझिन खराब होतं आणि आरओचा पडदाही 45 च्या वर टिकत नाही.

काल सकाळी बाहेर उणे 3 होतं. मी व्हॅनमागे हीटर चालू केला, त्याने नेहमीसारखा पांढऱ्या धुराचा लोट सोडला, आणि दारात मंकी कॅप, वर मफलर, वर सुनेचा रेनकोट अशा अवतारात काका प्रकटले.

"अहो, हे रॉकेल का?"

कॅपमधून मराठी आलं म्हणून मीही मराठीतच उत्तरलो. "डिझेल आहे, काका."

"मराठी का तुम्ही? कुठले?"

"लातूर."

"अच्छा," ते म्हणाले. त्या 'अच्छा'नंतर मी 'अहो'चा 'अरे' झालो.

नळी 100 मीटर, आतून 8 मिलिमीटर. तिच्यात 5 लिटर पाणी मावतं, म्हणजे मिनिटाला 2 लिटरने पहिली अडीच मिनिटं ब्रशातून थंडच पाणी येतं. ती अडीच मिनिटं काका ब्रशाकडे बघत उभे होते. मग वाफ आली.

"गरम पाणी? काचेला? मुंज आहे का काचेची?"

मी हसलो. दुसरं काय करणार.

"किती गरम?"

"ब्रशापर्यंत येईतो 40 च्या घरात."

"विसण घातलंस?"

सांगायला लाज वाटते, पण मी उत्तर द्यायला लागलो. हीटरमधून पाणी फार तापून आलं, तर पुढे एक मिक्सिंग व्हॉल्व त्यात टाकीतलं थंड पाणी मिसळतो आणि ठरवलेल्या अंशावर आणतो. इतकी वर्षं त्या व्हॉल्वला मराठी शब्द नव्हता. तो काकांनी दिला.

"व्हॉल्वचं सांगू नकोस. कोपर बुडवून बघायचं. बरं, आमच्याकडे लोक काचेच्या ग्लासात चहा ओतताना आत चमचा ठेवतात. का?"

"ग्लास तडकू नये म्हणून."

"मग इथे चमचा कुठाय?"

राग याचा आला की माणूस बरोबर बोलत होता. साध्या, न टफन केलेल्या (म्हणजे तापवून कणखर न केलेल्या) काचेला सुमारे 40 अंशांचा फरक धोक्याचा. उणे 3 ची काच आणि 40 चं पाणी, फरक 43. टफन काच 200 चा फरकही पचवते, पण या घराच्या पुढच्या खिडक्या जुन्या. काठाला टवका गेलेली, तार घातलेली किंवा सावलीत गोठलेली काच आधी जाते. आणि ती गेली की ती आधीच तडकलेली होती, हे गिऱ्हाइकाला पटवून देणारा माणूस अजून जन्माला यायचाय. अशा सकाळी आधी थंड पाण्याने चौकट आणि काच भिजवून घ्यायची, मग व्हॉल्व हळूहळू चढवायचा, आणि गोठलेलं दव वितळेपर्यंत 25 च्या वर जायचं नाही. हे मला माहीत होतं. मी ते करणारही होतो. पण आता व्हॅनकडे जाऊन व्हॉल्व फिरवला असता, तर काकांनी सांगितलं म्हणून फिरवला असं झालं असतं. मी फिरवला. झालंच तसं.

"शहाणा आहेस," काका म्हणाले. "पेपरने का नाही पुसत? आदल्या दिवशीचा घ्यायचा. त्याच दिवशीचा नको, हात काळे होतात."

मागच्या अंगणात जाताना वळणावर नळी ब्रासच्या जोडापासून सुटली. ऊन पाण्याने नळी शेवयांसारखी मऊ पडते आणि क्लिप सैल असली की फट्दिशी निसटते. थंडीत तीच नळी काठीसारखी ताठ. मी क्लिप आवळतोय, पाणी फरशीवर वाहतंय, त्याचा काही मिनिटांत बर्फ होणार म्हणून मी खडेमीठ पसरतोय, आणि काका बादली घेऊन हजर.

"आमचा बॉयलर बंद पडलाय. दुपारपर्यंत माणूस येत नाही. तुझं पाणी एवढं चालूच आहे तर..."

नाही कसं म्हणणार? मुलाचं घर, परका देश, वय सत्तरीच्या पुढचं. मी ब्रश काढून नळी बादलीत सोडली, व्हॉल्व 42 वर आणला. 15 लिटरची बादली म्हणजे साडेसात मिनिटं. तेवढ्यात मला कळलं की इंग्लंडात धुणं कसं वाळत नाही, व्हिसा किती महाग पडला, आणि लातूरला पाणी का नाही. खर्च म्हणाल तर दोन कप चहाएवढंही डिझेल नाही. "पिऊ नका," एवढंच मी बजावलं.

मी शेवटची खिडकी खंगाळत असताना वरून बाथरूमची खिडकी उघडली.

"अरे, साबण सुटत नाहीये! काय घातलंयस यात?"

"काहीच नाही, काका! तेच तर!"

000 च्या पाण्यात साबणाशी भांडायला कॅल्शियमच नसतं. फेस दाबून होतो आणि अंग बुळबुळीत राहतं. जड पाण्यात साबणाचा साका बसून कातडी करकरते, आणि आपल्याला ती करकर म्हणजे स्वच्छता वाटते. हे मी खालून ओरडून समजावलं. शेजारची बाई पडदा बाजूला करून बघत होती.

संध्याकाळी मुलाने 15 पौंड पाठवले. सोबत इंग्रजीत निरोप, की बाबा म्हणाले काचा ओल्या सोडल्या आणि आंघोळीत फार वेळ गेला. मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. बादलीच्या डिझेलचा हिशोब मिलिलिटरमध्ये करून ठेवलाय, अजून पाठवलेला नाही.

रात्री साडेदहाला आणखी एक निरोप आला. पुढच्या फेरीला, म्हणजे सहा आठवड्यांनी, येताना दोन बादल्यांचा अंदाज धरा. बाबांना साबण कमी लागला.