अंगठी नाही म्हणून यादीत नाही?

आज सकाळी मैदानाच्या ग्रुपवर सत्कारमूर्तींची यादी पडली. आमच्या मैदानावरच्या जुन्या बास्केटबॉल खेळाडूंचं संमेलन आहे ना, त्याची. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि मग दाल-बाफले. यादी चांगली लांबलचक आहे. स्टेटला खेळलेले आहेत, नॅशनलला जाऊन बाकावर बसून आलेले आहेत, आणि एक तर असा आहे की ज्याने आयुष्यात चेंडूपेक्षा माइकच जास्त वेळ धरला. नाही ते फक्त दादाचं नाव, ज्याने आम्हाला खेळायला शिकवलं त्याचं. मी विचारलं, चुकून राहिलं का? उत्तर आलं, "भिया, त्यांच्या वेळेस आपण जिंकलो काय? आणि ते तर सोडून गेले होते." पुढे हात जोडल्याचं चिन्ह.

ते हात जोडलेलं चिन्ह माझ्या डोक्यात गेलंय, म्हणून हे सगळं. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो.

दादाचं खरं नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आमच्या पिढीतल्या इंदूरकरांना कळेलच. डावखुरा, काटक, आणि शर्टाच्या खिशात कायम शिट्टी. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये मोठे सामने बघायला आम्हाला सायकलींवरून तोच घेऊन जायचा. आमचं मैदान मात्र साधं सिमेंटचं, पावसाळ्यात शेवाळलेलं, आणि एक बोर्ड जरा डावीकडे झुकलेला. दर रविवारी चुन्याच्या रेघा कोण मारायचं? यादीतलं एक तरी नाव सांगा.

आता ज्यांना बास्केटबॉलशी घेणं-देणं नाही त्यांनी थोडं सहन करा, कारण मी डेमियन लिलार्डबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या एका खेळाडूबद्दल बोलणार आहे. मध्ये भाचा आला होता तेव्हा त्याच्याशी वाजलं होतं ते याच्यावरूनच. भाचा म्हणे, "मामा, अकरा वर्षं वाया घालवली त्याने पोर्टलंडला. अंगठी शून्य." म्हणजे चॅम्पियन झाल्यावर खेळाडूंना जी अंगठी मिळते ती. हल्लीच्या पोरांचा सगळा हिशेब त्या अंगठीवर. सकाळचं ग्रुपवरचं उत्तर वाचलं आणि वाटलं, भाचा तरी बरा, तो पंचविशीचा आहे. आपण पन्नाशीतले लोक तेच बोलतोय!

2012 साली पोर्टलंडच्या संघाने, ट्रेल ब्लेझर्सनी, लिलार्डला ड्राफ्टमध्ये (म्हणजे संघ पाळीपाळीने नवीन पोरं निवडतात त्यात) सहाव्या नंबरवर घेतलं. कॉलेज कुठलं, तर वेबर स्टेट. अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्यांनासुद्धा नकाशात शोधायला लागेल असं. पहिल्याच सामन्यात लेकर्ससमोर 23 पॉइंट आणि 11 असिस्ट, म्हणजे दुसऱ्याला बास्केट करून देणारे पास. वर्षाअखेरीस रूकी ऑफ द इयर, म्हणजे नवख्यांमधला सर्वोत्तम, तोही एकमताने. आणि मला सगळ्यात जास्त आवडते ती गोष्ट म्हणजे पहिल्या तिन्ही वर्षांत तो 82 पैकी 82 सामने खेळला. एकही बुडवला नाही. दादा कसा, ताप असला तरी मैदानावर यायचा, खेळणार नाही म्हणायचा आणि दहा मिनिटांत बूट बांधायला लागायचा.

2014चा ह्यूस्टनविरुद्धचा सामना. मे महिना, आपल्याकडे शनिवारची सकाळ. पोर्टलंड दोनने मागे आणि घड्याळात 0.9 सेकंद. एवढ्या वेळात माणूस धड शिंकत नाही. हा टाळ्या वाजवत धावत सुटला, मला द्या, मला द्या. बटूमने बाजूने पास दिला, ह्याने हवेतच वळून थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट मारला. 99-98. चौदा वर्षांनी पोर्टलंडने प्लेऑफची, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांपैकी, एक फेरी जिंकली. लक्षात घ्या, चॅम्पियनशिप नाही, एक फेरी. या संघाची चॅम्पियनशिप एकच, 1977ची. तिथल्या लोकांच्या दोन पिढ्या तेवढ्यावर जगल्यात. त्यांना त्या सकाळची, म्हणजे त्यांच्या रात्रीची, किंमत विचारा.

आणि मग 2015चा उन्हाळा. मुख्य पाचांपैकी चार गेले. ऑल्ड्रिज सॅन अँटोनियोला, मॅथ्यूज डॅलसला, लोपेझ न्यूयॉर्कला, बटूमला संघानेच शार्लटला पाठवला. राहिला एकटा लिलार्ड. त्याच उन्हाळ्यात त्याने पाच वर्षांचा नवा करार केला. सगळे म्हणाले आता हे तळाला. तर 44 सामने जिंकले आणि प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपर्यंत गेले. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या थ्रींपेक्षा हे वर्ष मोठं आहे. त्याचा व्हिडिओ कोणी फिरवत नाही, कारण त्यात एका क्लिपमध्ये मावेल असं काही नाही.

आता दादाची ती रात्र सांगतो. मैदानावरच्या जुन्यांनी ऐकली आहे, पुन्हा ऐका. आमचे मोठे खेळाडू एकामागून एक गेले होते, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, स्पोर्ट्स कोट्यातून. चांगलंच झालं त्यांचं. मागे उरलो आम्ही पोरं आणि दादा. बाहेरगावच्या टूर्नामेंटला आम्ही मोजून सहा जण गेलो. एकाचा पाय मुरगळला, एकाचे पाच फाउल झाले, आणि शेवटी कोर्टावर चौघंच उरले. समोर पाच. फरक इतका की स्कोअर लिहिणाऱ्यालाच आमची दया येत होती. समोरच्यांचे प्रशिक्षक सज्जन माणूस, दादाला म्हणाले, सोडून द्या, पोरं दमलीत. दादा स्कोअररच्या टेबलाशी गेला, किती मिनिटं राहिली विचारलं, परत आला आणि काही न बोलता त्यांच्या सगळ्यात भारी शूटरला अर्ध्या नव्हे, पूर्ण कोर्टभर चिकटला. शेवटपर्यंत. हरलो, दणकून हरलो. "त्यांच्या वेळेस आपण जिंकलो काय?" नाही जिंकलो, भिया. पण त्या रात्री तो नसता तर तुझं हे मैदान आज पार्किंग असतं.

बरं, थोडं थांबतो. चहा घेऊन येतो.

आलो. बायकोने वाचलं, म्हणाली, कोणा अमेरिकेतल्यासाठी एवढं रक्त आटवताय. तिला म्हटलं, तो निमित्त आहे. तरी आता निघालोच आहे तर त्याचं पुढचंही सांगतो.

2019. प्लेऑफमधला ओक्लाहोमाविरुद्धचा पाचवा सामना मी ऑफिसात मोबाइलवर, ड्रॉवर अर्धा उघडून पाहिला. बरोबरीत सामना, शेवटचे सेकंद, लिलार्ड अर्ध्या कोर्टाजवळ उभा राहून चेंडू टप्प्यावर खेळवतोय. समोर पॉल जॉर्ज, लीगमधल्या उत्तम बचाववाल्यांपैकी एक. 37 फुटांवरून मारला. आत. 118-115, त्याचे एकट्याचे 50. आणि मग समोरच्या संघाला हात हलवून टाटा. जॉर्ज नंतर म्हणाला की कोणी काहीही म्हणो, तो शॉट वाईटच होता. असेल बाबा, शास्त्राप्रमाणे असेलही. पण हरलेल्याने हे म्हणायचं नसतं. त्यावर्षी पोर्टलंड कॉन्फरन्स फायनलपर्यंत, म्हणजे उपांत्य फेरीपर्यंत पोचलं, तिथे गोल्डन स्टेटने चार-शून्य धुतलं. लिलार्ड बरगडीची दुखापत घेऊन खेळत होता.

त्यानंतर घसरण. संघ म्हातारा झाला, मग मोडला. 2022 मध्ये मॅकॉलमला, त्याच्या इतक्या वर्षांच्या जोडीदाराला, न्यू ऑर्लिन्सला पाठवलं. तरी ह्याने डिसेंबरमध्ये क्लाइड ड्रेक्सलरला मागे टाकून ब्लेझर्ससाठी सर्वाधिक पॉइंटचा विक्रम केला. फेब्रुवारी 2023 मध्ये एका सामन्यात 71 मारले, त्यात 13 थ्री. आणि त्या हंगामात संघ किती जिंकला? 82 पैकी 33. एक माणूस सरासरी 32 पॉइंट करतोय आणि मालक मंडळी भविष्य घडवतायत! मग त्या ड्राफ्टमध्ये तिसरा नंबर हातात होता. तो देऊन एखादा तयार खेळाडू आणता आला असता. त्यांनी घेतला एकोणीस वर्षांचा स्कूट हेंडरसन, आणि तोही गार्डच, म्हणजे लिलार्डच्याच जागेचा. थोड्याच दिवसांत, 1 जुलैला, लिलार्डने सांगितलं, मला जाऊ द्या.

लगेच सगळे सुरू. निष्ठा निष्ठा करत होता, शेवटी पळालाच की. अरे, निष्ठा काय एकट्याने करायची असते का? अकरा वर्षं तो कोर्टावर चौघांनिशी उभा, आणि तुम्ही टेबलावर बसून सांगणार की अजून तीन वर्षं थांब, पोरं मोठी होतायत?

हो, मान्य आहे, मायामीलाच जायचं म्हणून अडून बसला ते शोभलं नाही. आणि पैसेही भरपूर घेतले, त्या आकड्यांत निष्ठा परवडते. झालं?

दादाला तर पैसेही नव्हते मिळाले. टूर्नामेंटची फी तो स्वतःच्या खिशातून भरायचा आणि म्हणायचा कमिटीकडून आलेत. हे आम्हाला फार नंतर कळलं. त्या चौघांच्या रात्रीनंतर त्याने कमिटीला सांगितलं होतं की नवीन बोर्ड नको, चेंडू नको, फक्त पोरांच्या येण्या-जाण्याच्या भाड्याचं बघा. तेव्हाच्या कमिटीने काय केलं, तर गेटवर देणगीदारांची पाटी लावली. मग दादाला नागपूरला नोकरी लागली आणि तो गेला. सदतीस-अडतीसचा असेल. घरी आई आजारी, लग्नाची बहीण. आणि आपण त्याला काय म्हणालो? "पळाला." माझ्यासमोर बोललेत लोक, पोह्याच्या गाडीवर, शेव-जीरावन भुरभुरवत.

आणि हे बोलतंय कोण? आपण. ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा होळकरांच्या पदरी चाकरीला म्हणून माळव्यात आले आणि इथलेच झाले. ज्यांची पोरं आज पुण्यात, बंगळुरात, ह्यूस्टनला आहेत. आपल्या पोरांनी जावं, तेव्हा करिअर. दादाने जावं, तेव्हा गद्दारी!

लिलार्ड तरी कुठे पोर्टलंडचा? कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा पोरगा. त्याच्या जर्सीच्या पाठीवरचा शून्य हा खरा शून्य नाहीच, तो इंग्रजीतला ओ आहे, ओकलंडचा, कॉलेज होतं त्या ऑग्डेनचा आणि पोर्टलंड ज्या राज्यात आहे त्या ओरेगॉनचा. जिथे जिथे राहिला ते सगळं पाठीवर घेऊन फिरणारा माणूस.

असो. पोर्टलंडने त्याला मायामीला नाही, मिलवॉकीला पाठवलं. तिथे दोन हंगाम काढले, दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत इंडियानाकडून हरले. एप्रिल 2025 मध्ये प्लेऑफच्या सामन्यात टाचेवरचा स्नायुबंध तुटला, त्याला अकिलीस म्हणतात. या वयात ते म्हणजे वर्षभर घरी. मिलवॉकीने जुलैमध्ये मोकळं केलं, उरलेले 11 कोटींहून जास्त डॉलर पाच वर्षांत वाटून देऊ म्हणाले, पण तू नको. धंदा आहे, समजू शकतो.

आणि पोर्टलंडने काय केलं? त्याच महिन्यात परत घेतला. तीन वर्षं, 4 कोटी 20 लाख डॉलर. पहिलं वर्ष तो लंगडत बाकावर बसणार हे दोघांनाही माहीत. वर करारात असं कलम की त्याच्या मर्जीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नाही. आजारपणात माहेरी आणलेल्या लेकीसारखं घेतला त्याला. मी ती बातमी वाचली तेव्हा खरं सांगतो, डोळे भरून आले. बायको म्हणाली तसं, कोण कुठला. पण आले.

व्यवहार असेलही त्यात. तिकिटं विकली जातात, जर्सी विकल्या जातात. असू दे ना.

दादा पण परत आलाय. गुडघे गेलेत दोन्ही. सुदामानगरकडे राहतो, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत जाऊन येतो. मैदानाकडे मात्र येत नाही. मी एकदा म्हटलं, चल ना, नवीन पोरं बघ, एक डावखुरा आहे. म्हणाला, "नको रे, त्यांना वाटेल काहीतरी मागायला आलो." हे वाक्य मी ग्रुपवर टाकणार होतो सकाळी. टाकलं नाही. इथे टाकतोय.

आता राग कमी झालाय, तर कामाचं बोलतो. गुरुवारी साडेसातला रामबागेत कमिटीची मीटिंग आहे. मी जाणार आहे. म्हणणं एवढंच की यादीत दादाचं नाव घाला, नाहीतर माझं काढा. हो, माझं आहे यादीत, "संघभावना" या सदराखाली. हसू नका. निवेदकाला सांगू, चौघांनी खेळलेला तो सामना नावानिशी सांगायचा, स्कोअरसकट. ज्या तिघांनी त्या रात्री दादाबरोबर कोर्टावर घाम गाळला त्यांच्यापैकी दोघं इथे मित्रयादीत आहेत, त्यांनी लाइक करून गप्प बसू नये, यावं. तिसऱ्याचा नंबर कोणाकडे असेल तर इनबॉक्समध्ये द्या, तो देवासला असतो असं ऐकलंय.

आणि स्कूटर आतल्या गेटाशी लावू नका रे, मागच्या वेळी वहिनी चिडल्या होत्या.