तिघांत मिळून एक रोप

अभिनंदन! कंपनीच्या कार्बन घट समितीची माळ अखेर तुमच्या गळ्यात पडली. खरं तर ती दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात पडणार होती, पण तो बैठकीच्या दिवशी रजेवर गेला. घाबरू नका. हे काम एकट्यानं केलं तरच अवघड, कारण मग धूर किती कमी झाला ते लगेच दिसतं. म्हणून एक सरकारी खातं आणि एक स्वयंसेवी संस्था सोबत घ्या. तिघं असले की कुणी विचारलंच तर प्रत्येकाला बोट दाखवायला दोघं उरतात.

आधी पैशाचं बघू. 2013 च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजकार्याला द्यावे लागतात. धंद्याच्या नेहमीच्या कामावरचा खर्च त्यात धरत नाहीत. म्हणजे आपला जुना बॉयलर बदललात तर तो नुसता खर्च, आणि पन्नास कोसांवरच्या माळावर रोपं लावलीत तर समाजकार्य. तेव्हा बॉयलरकडे बघूही नका. बिचारा इतकी वर्षं धुमसतोय, आणखी थोडी धुमसेल.

पुढची पायरी हिशेबाची. शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना सेबीच्या, म्हणजे बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, नमुन्यात आपल्या उत्सर्जनाचा अहवाल द्यावा लागतो. आपल्या चिमणीचा धूर आणि विकत घेतलेल्या विजेमागचा धूर हे रकाने सक्तीचे. पुरवठादार, वाहतूकदार वगैरेंचा धूर ऐच्छिक रकान्यात. पुढचं मी सांगायला हवं का? कंपनीचे ट्रक विकून टाका आणि तेच ट्रक, त्याच ड्रायव्हरसकट, कंत्राटदाराकडून भाड्यानं घ्या. ट्रक तुमच्याच फाटकातून निघेल, धूर मात्र परक्याचा.

तरीही आकडा वाढलाच, तर भागाकार करा. 2030 पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता 2005 च्या तुलनेत 45 टक्क्यांनी उतरवू, असं भारतानं जगाला सांगितलंय. तीव्रता म्हणजे देशाच्या सकल उत्पादनाच्या दर रुपयामागचा धूर. ज्या देशात माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, त्यानं हे माप धरावं यात मला काही गैर वाटत नाही. पण कंपनीनं ते उचललं की बहार येते. घरी करून बघा. वजन सत्तरचं ऐंशी झालं, पण पगार दुप्पट झाला, म्हणजे पगाराच्या दर रुपयामागे तुम्ही चांगलेच बारीक झालात. डॉक्टरांना हे नक्की सांगा.

आणि अगदीच अडचण झाली तर 2070 आहेच. निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे जितका धूर सोडू तितका शोषूनही घेऊ असं, हे वर्ष पंतप्रधानांनी 2021 मध्ये ग्लासगोत जाहीर केलं. तुमच्या निवृत्तीची तारीख बघा आणि निवांत झोपा.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. सरकार, बाजार आणि संस्था एकत्र येऊन खरोखर काही झाल्याची उदाहरणं आहेत. ती बैठकीत कुणाला काढू देऊ नका. एका सरकारी कंपनीनं एलईडी बल्बची घाऊक मागणी एकत्र करून निविदा काढल्या. 2014 मध्ये तीनशे दहा रुपयांना खरेदी होणारा बल्ब तीनेक वर्षांत चाळिशीच्या आत आला, आणि असे 36 कोटींहून जास्त बल्ब घरोघर गेले. आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांचंही तसंच. पैसा बराचसा देणगीदारांचा, गावातलं काम स्थानिक संस्थांचं आणि जोडणी गावातल्याच माणसांच्या हातची. शाळकरी मुलांना दिवा 120 रुपयांना पडायचा आणि रॉकेलची चिमणी विझायची. आता सांगा, चाळीस रुपयांच्या बल्बसोबत साहेब फोटोत कसे दिसतील?

म्हणून झाडच. 2019 च्या पावसाळ्यात आपल्या राज्यानं 33 कोटी झाडांचं लक्ष्य धरलं होतं, म्हणजे तान्ह्या बाळासकट माणशी जवळजवळ तीन. पुढे 2021 मध्ये त्या लागवडीच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमली गेली. आपल्या मातीत समिती पाण्याविनाही रुजते. तुम्ही एवढी मोठी उडी मारू नका, पाचशे रोपं पुरेत. पूर्वी दर वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावता येत असे. हल्ली फोटोला अक्षांश-रेखांश चिकटतात, तेव्हा खड्डा चार पावलं सरकवा.

कार्यक्रम मात्र नीट व्हायला हवा. शामियाना, लाल गालिचा, साहेबांसाठी आधीच भुसभुशीत केलेली माती आणि रिबीन बांधलेली नवी कोरी फावडी. ध्वनिक्षेपकाला जनरेटर लागेल. लिटरभर डिझेल जाळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तेव्हा जनरेटर शामियान्याच्या मागे, वाऱ्याच्या दिशेनं ठेवा. पाहुण्यांच्या गाड्या चालू ठेवायला सांगा, नाहीतर परतताना आत उकडतं. सत्कार हॉलमध्ये घ्या. नव्या एसीचं तापमान 2020 पासून सुरुवातीलाच 24 वर बांधून येतं. ते 18 वर आणा, म्हणजे शाल देण्यात काही अर्थ राहील.

आभारप्रदर्शनात तिन्ही पक्षांची नावं घ्या, क्रम आधी खात्याकडून मंजूर करून. माळापलीकडच्या वस्तीतला एक म्हातारा गेल्या वर्षीच्या अकरा रोपांना उन्हाळाभर धुण्याचं पाणी घालत होता. ती अकराच जगली आहेत. त्याला व्यासपीठावर चुकूनही बोलावू नका. माईक हातात आला की तो टँकर कधी येणार ते विचारील, आणि तिघांच्या करारात पाणी कुठल्याच पक्षाकडे दिलेलं नाही.